व्हॉइड: नेमकं काय रिकामं?

वाचक विचारतात

‘व्हॉइड’ या एकाच इंग्रजी शब्दावर सोनोग्राफीच्या रिपोर्टापासून बांधकामाच्या साइटपर्यंत निरनिराळ्या ठिकाणांहून प्रश्न आले आहेत. या वेळी ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: शब्दकोशात ‘व्हॉइड’चे पोकळी, रिक्त, शून्य, निरर्थक असे अर्थ एका ओळीत दिलेले असतात. यातला मूळ कोणता? ‘व्हॅक्युम’, ‘अव्हॉइड’, ‘डिव्हॉइड’ हे त्याचे नातलग आहेत, की नुसते कानाला सारखे वाटतात? (कोल्हापूर)

उत्तर: नातलगच आहेत. लॅटिनमध्ये ‘व्हाकारे’ म्हणजे रिकामं असणं आणि ‘व्हाकुउस’ म्हणजे रिकामा. ‘व्हॅक्युम’ हे याच विशेषणाचं नपुंसकलिंगी रूप. सोळाव्या शतकात विद्वानांनी ते थेट लॅटिन ग्रंथांतून उचललं, म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘यू’ लागोपाठ जसेच्या तसे राहिले. ‘व्हेकंट’, ‘व्हेकेशन’, ‘इव्हॅक्युएट’ हीसुद्धा त्याच घरातली मंडळी. ‘व्हॉइड’ मात्र पुस्तकातून न येता लोकांच्या तोंडून आला. बोलीतल्या लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमध्ये ‘व्हुइद’, ‘व्हॉइद’ असा झाला आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत उतरला. आजच्या फ्रेंचमधला ‘व्हीद’ हा त्याचाच सख्खा भाऊ.

इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ साधा होता: ज्यात कोणी नाही, काही नाही असं. माणूस न नेमलेलं पद, वस्ती नसलेली जमीन, मोकळी जागा. लवकरच तो क्रियापद म्हणूनही वापरात आला: रिकामं करणं, बाहेर काढून टाकणं. आजचे बहुतेक गोंधळात टाकणारे अर्थ या क्रियापदातून उलगडतात. त्यामुळे ‘व्हॉइड’ दिसला की आधी विचारावं, इथे काय आणि कशापासून रिकामं झालंय? करार कायदेशीर परिणामापासून, काँक्रीट घन पदार्थापासून, मूत्राशय लघवीपासून. एकदा हे ठरलं की मराठी शब्द आपोआप सुचतो. नाही ठरलं, तर ‘पोकळी’ हा एकच शब्द सगळीकडे चिकटवला जातो आणि भाषांतर वाचवत नाही.

‘अव्हॉइड’ची कथा मजेदार आहे. फ्रेंच ‘एसव्हुइदिए’, म्हणजे बाहेर काढून रिकामं करणं, यातून तो आला. सुरुवातीला इंग्रजीतही त्याचा अर्थ रिकामं करणं, निष्प्रभ करणं असाच होता. जागा रिकामी करणं, तिथून निघून जाणं, मग तिकडे न फिरकणं, असा सरकत सरकत तो ‘टाळणं’वर आला. कायद्याच्या इंग्रजीत जुना अर्थ अजून जिवंत आहे. तिथे ‘करार अव्हॉइड करणं’ म्हणजे करार शून्य ठरवणं. याचं मुंबईतलं उदाहरण पुढे येईल.

‘डिव्हॉइड’मधल्या ‘डी’ला नकार समजून ‘रिकामं नसलेलं’ असा उलटा अर्थ लावणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. तो ‘डी’ नकाराचा नाही, काढून घेण्याचा आहे. ‘डिव्हॉइड ऑफ’ म्हणजे अमुक गोष्टीपासून पूर्ण वंचित, विरहित.

जाता जाता: सरकारी पत्रात ‘व्हाइड लेटर नंबर अमुक’ असतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते लॅटिन ‘पाहा’ आहे. फ्रेंच ‘व्हीद’चं आणि त्याचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर एक आहे, एवढाच योगायोग.

प्रश्न: वडिलांच्या सोनोग्राफीत ‘प्री-व्हॉइड ४१० सी.सी., पोस्ट-व्हॉइड ९५ सी.सी.’ असं लिहिलंय. मूत्राशयात पोकळी झाली आहे का? (नाशिक)

उत्तर: नाही, पोकळी वगैरे काही नाही. इथे ‘व्हॉइड’ हे वर सांगितलेलं जुनं क्रियापद आहे: लघवी करणं. पहिला आकडा लघवीला जाण्याआधीचा, दुसरा जाऊन आल्यावर आत उरलेल्या लघवीचा. याचा अर्थ, वडिलांनी ३१५ सी.सी. लघवी केली आणि ९५ मागे राहिली.

यंत्र हे आकडे मोजत नाही, काढतं. मूत्राशयाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि तो ०.५२ ने गुणायचा. ६ × ५.५ × ५.५ × ०.५२ केलं की साधारण ९४ सी.सी. येतं. मूत्राशय दर वेळी नीट अंड्याच्या आकाराचं नसतं, त्यामुळे दहा-वीस सी.सी.चा फरक मनावर घेण्यासारखा नाही.

उरलेली लघवी ५० सी.सी.च्या आत असेल तर सहसा चिंता नसते, वयस्कर माणसांत १०० पर्यंतही बहुतेकदा चालवून घेतात. २०० च्या वर गेली तर मूत्राशय पुरेसं रिकामं होत नाही, असं धरून प्रोस्टेट, औषधं, मधुमेहाने झालेला मज्जातंतूंचा त्रास अशी कारणं तपासतात. मधल्या आकड्यांचा अर्थ लक्षणांवर अवलंबून असतो, तो डॉक्टरांनीच लावायचा.

खोटा मोठा आकडा येण्याची दोन कारणं नेहमीची आहेत. एक, ‘ब्लॅडर फुल करा’ म्हटल्यावर लोक लिटर-दीड लिटर पाणी पितात आणि कळ अनावर होईपर्यंत बसतात. मूत्राशय इतकं ताणलं की निरोगी माणसाचंही एका दमात रिकामं होत नाही. दुसरं, लघवी करून आल्यावर पुन्हा रांगेत बसावं लागतं. तेवढ्यात पोटातलं पाणी खाली उतरतं आणि मूत्राशय परत भरू लागतं. दुसरं मोजमाप दहा मिनिटांच्या आत व्हायला हवं. आकडा शंकास्पद वाटला तर पुन्हा एकदा लघवीला जाऊन मोजायला सांगावं. ते सोपं आहे आणि सेंटरवाले सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रश्न: ‘व्हॉइड’ करार आणि ‘व्हॉइडेबल’ करार यांत फरक काय? व्यवहारात त्याने काय बिघडतं? आणि ‘नल अँड व्हॉइड’ असं एकाच अर्थाचं दोनदा का म्हणतात? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेऊ. इंग्रजी कायद्याला जोडशब्दांची हौस जुनी आहे. ‘नल’ म्हणजे एकही नाही, ‘व्हॉइड’ म्हणजे रिकामा. दोन्ही मिळून दस्तात फट राहू नये एवढाच हेतू. आपणही हेच करतो. ‘रद्दबातल’मधले ‘रद्द’ आणि ‘बातल’ हे दोन्ही अरबी शब्द आणि अर्थही जवळजवळ एकच. ‘बातल’ हा तर मुस्लिम कायद्यातला काटेकोर पारिभाषिक शब्द: ‘बातिल’ विवाह म्हणजे मुळातच शून्य, ‘फासिद’ म्हणजे अनियमित.

आता मुख्य भाग. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २(जी) प्रमाणे जो ठराव कायद्याने अमलात आणता येत नाही तो व्हॉइड, म्हणजे शून्य. कलम २(आय) प्रमाणे जो करार एका पक्षाच्या मर्जीवर अमलात आणता येतो, पण दुसऱ्याच्या मर्जीवर नाही, तो व्हॉइडेबल, म्हणजे शून्यकरणीय. दुसऱ्या प्रकारातला करार फसवलेल्या माणसाने मोडेपर्यंत जिवंत असतो. ही ओळ लक्षात ठेवली की बाकीचं सोपं आहे.

शून्य कोणते? अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या व्यक्तीने केलेला करार. १९०३ च्या मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हे कायमचं ठरवून टाकलं. बेकायदा हेतूचा करार (कलम २३), लग्नाला आडकाठी करणारा (२६), धंद्याला आडकाठी करणारा (२७), अर्थच निश्चित करता येत नाही असा (२९), पैजेचा (३०). शून्यकरणीय कोणते? जबरदस्ती, फसवणूक किंवा चुकीची माहिती यांमुळे संमती दिलेली असेल तर कलम १९, गैरवाजवी दडपण असेल तर १९ए.

बिघडतं ते तिसरा माणूस मधे आला की. समजा, एकाने खोटं सांगून तुमची मोटारसायकल विकत घेतली. हा करार शून्यकरणीय. तुम्ही तो मोडण्याआधी त्याने ती गाडी भल्या माणसाला विकली आणि त्याला फसवणुकीचा पत्ता नव्हता, तर मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम २९ प्रमाणे गाडी त्या भल्या माणसाची होते. तुमच्या हाती उरतो तो फसवणाऱ्याविरुद्धचा दावा. करार मुळातच शून्य असता, तर फसवणाऱ्याकडे मालकी गेलीच नसती आणि पुढे देण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. म्हणून फसवणूक कळली की गप्प बसू नये. करार मोडत असल्याची लेखी नोटीस त्याच दिवशी काढावी, पोचपावती जपावी. आपल्याला मिळालेला लाभ परत करायची तयारी नोटिशीत लिहावी, कारण कलम ६४ ते मागतं. आणि फसवणूक कळल्यानंतर हप्ता घेणं, माल वापरणं असं काही करू नये. तसं केलं की करार मान्य केला असा अर्थ निघतो. दस्त किंवा करार रद्द करून घेण्याची मुदत तीन वर्षांची आहे, ती हकीकत कळल्यापासून मोजतात.

‘शून्यच आहे, मग कोर्टात कशाला जायचं?’ हा प्रश्न नेहमी येतो. कागद नोंदणी कार्यालयात बसलेला असतो आणि पुढच्या खरेदीदाराला तो दिसतो. विशिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) १९६३ चं कलम ३१ यासाठीच आहे: शून्य दस्तही पुढे अपाय करील अशी रास्त भीती असेल तर तो तसा घोषित करून घेता येतो.

आता मुंबई. एकोणिसाव्या शतकात इथले व्यापारी कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला काय भाव येईल यावर पैजा लावत. १८४८ साली अशाच एका मुंबईच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने त्या पैजा वसूल करण्याजोग्या ठरवल्या. त्याच वर्षी कायदा क्रमांक २१ आला. त्याच्या नावातच ‘अव्हॉइडिंग वेजर्स’ असे शब्द होते. ‘पैजा टाळण्याचा कायदा’ असं भाषांतर केलं तर तो उपदेश वाटेल. अर्थ आहे: पैजा शून्य करणारा. १८६५ च्या मुंबईच्या कायदा क्रमांक ३ ने याच्याही पुढे जाऊन पैजेला पूरक असलेले व्यवहारही शून्य केले. इतरत्र पैज शून्य असली तरी पैजेसाठी दलालाने केलेला खर्च वसूल होऊ शकतो. जुन्या मुंबई इलाख्यात तोही नाही.

लग्नाचं थोडक्यात. हिंदू विवाह अधिनियम १९५५ च्या कलम ११ खाली पहिला जोडीदार हयात असताना केलेला, निषिद्ध नात्यातला किंवा सपिंड, म्हणजे जवळच्या रक्तसंबंधातला, विवाह शून्य (शेवटच्या दोन्हींत रूढीची सवलत असू शकते). कलम १२ खाली नपुंसकता, फसवून किंवा बळाने मिळवलेली संमती वगैरे कारणांनी तो शून्यकरणीय. फसवणुकीच्या कारणासाठी अर्ज फसवणूक कळल्यापासून एका वर्षात करावा लागतो, आणि कळल्यानंतर राजीखुशीने एकत्र राहिलं तर हक्क जातो. दोन्ही प्रकारांत कलम १६ मुळे मुलं औरसच राहतात. वय कमी असणं या दोन्ही कलमांत नाही. त्यासाठी २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे. त्यात विवाह लहान असलेल्या पक्षाच्या मर्जीने शून्य होतो आणि सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो.

प्रश्न: मुलाला टोरांटोत नोकरी लागली. पगार जमा करायला कंपनीने ‘व्हॉइड चेक’ मागितला आहे. आपला ‘कॅन्सल्ड चेक’ तो हाच का? सही करायची का? (ठाणे)

उत्तर: काम तेच, नाव वेगळं. सही अजिबात करायची नाही, रक्कम, तारीख, नाव काहीही लिहायचं नाही. कोऱ्या चेकवर पेनाने मोठ्या अक्षरात ‘व्हॉइड’ असं इंग्रजीत आडवं लिहायचं, मात्र खालच्या आकड्यांची पट्टी झाकू द्यायची नाही, कारण कंपनीला हवे असतात ते आकडेच. कॅनडाच्या चेकवर चेक नंबरानंतर शाखेचा पाच आकडी ट्रान्झिट नंबर, बँकेचा तीन आकडी नंबर आणि मग खाते क्रमांक असा क्रम असतो. फॉर्म भरताना ट्रान्झिट आणि बँक नंबर यांची अदलाबदल ही नेहमीची चूक, आणि मग पहिला पगार अडकतो. चेकबुक नसेल तर बँकेच्या ॲपमधून ‘डायरेक्ट डिपॉझिट’चा छापील फॉर्म निघतो, तोही चालतो.

आपल्याकडे दोन तिरप्या समांतर रेषांमध्ये ‘कॅन्सल्ड’ लिहितात. खाते क्रमांक, अकरा अक्षरी आय.एफ.एस.सी. (पाचवं चिन्ह नेहमी शून्य) आणि चेकच्या तळाशी छापलेला नऊ आकडी एम.आय.सी.आर. कोड स्पष्ट दिसले पाहिजेत. खातेदाराचं नाव छापलेलं नसेल तर बरेच जण चेक परत करतात. सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत द्यावी.

अमेरिकी चेकवर कधी ‘नव्वद दिवसांनंतर व्हॉइड’ छापलेलं असतं. ती देणाऱ्याने घातलेली मुदत. आपल्याकडे १ एप्रिल २०१२ पासून चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, वर काही छापलेलं असो वा नसो.

प्रश्न: साइटवर इंजिनिअर ‘खडीत व्हॉइड जास्त आहेत’ म्हणून ट्रक परत पाठवतात. हे डोळ्यांनी कळतं का? स्लॅबखाली दिसणारे खड्डे म्हणजेच व्हॉइड का? (सातारा)

उत्तर: डोळ्यांनी फक्त अंदाज येतो. चपटी, लांबट खडी जास्त दिसली आणि सगळे दगड एकाच मापाचे असले की व्हॉइड, म्हणजे दगडांमधल्या मोकळ्या जागा, जास्त असणार. मोजायला एक दहा लिटरचं डबडं आणि काटा पुरतो. डबडं खडीने तोंडापर्यंत भरा, ठासू नका, वरून सपाट करा, वजन घ्या, डबड्याचं वजन वजा करा. समजा १५.५ किलो आलं, म्हणजे लिटरला १.५५. आपल्या काळ्या बेसाल्टची घनता पाण्याच्या २.८ ते २.९ पट, २.८५ धरू. (२.८५ − १.५५) ÷ २.८५ म्हणजे जवळजवळ ४६ टक्के जागा मोकळी. २० मि.मी. आणि १० मि.मी. खडी ६०:४० मिसळून हीच मोजणी करा, आकडा खाली येईल, कारण छोटी खडी मोठीच्या सांदीत बसते. जेवढी जागा मोकळी तेवढी वाळू आणि सिमेंट ती भरायला लागणार, म्हणून इंजिनिअर ट्रक परत पाठवतात.

माती-परीक्षणाच्या रिपोर्टात ‘व्हॉइड रेशो’ असतो, तो वेगळ्या पद्धतीचा. तिथे मोकळ्या जागेला एकूण आकारमानाने न भागता घन भागाने भागतात. त्यामुळे ४६ टक्के म्हणजे ०.४६ ÷ ०.५४, साधारण ०.८५. म्हणूनच तो आकडा एकाच्या वर गेलेला दिसला तर चूक समजू नये.

वाळूचं उलटं असतं. ओलसर वाळूत कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसून कण एकमेकांपासून दूर राहतात. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असला तर वाळू वीस-तीस टक्के फुगते. फरे (मापाच्या पेट्या) मोजून माल करणाऱ्याने हे धरलं नाही तर वाळू कमी पडते आणि तिथेच पोकळ्या राहतात.

स्लॅबखाली किंवा कॉलमच्या पायथ्याशी खडी उघडी पडते त्याला साइटवर ‘हनीकोंब’ म्हणतात. तेही व्हॉइडच, पण कामात झालेले. कारणं: सेंट्रिंगच्या फटीतून सिमेंटचं पाणी गळणं, सळ्यांची दाटी, उंचावरून माल टाकणं, आणि नीडल, म्हणजे काँक्रीट हलवून दाबून बसवणारी व्हायब्रेटरची नळी, नीट न चालवणं. नीडल उभी घालावी, खालच्या थरात दहा सें.मी. उतरू द्यावी, तिच्या जाडीच्या आठ-दहा पट अंतरावर पुढची जागा घ्यावी आणि सेकंदाला सात-आठ सें.मी. या सावकाश गतीने वर काढावी. झटकन ओढली की तिचं भोकच आत राहतं. नीडलने माल पुढे ढकलणं तर बंदच करावं. काँक्रीटमध्ये हवेच्या पोकळ्या पाच टक्के राहिल्या तर ताकद तीस टक्क्यांपर्यंत घटते, दोन टक्क्यांनीही दहा टक्क्यांहून जास्त.

यावर उपाय म्हणून माल पातळ करतात, ते तर आणखी वाईट. पन्नास किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे ०.५ चं प्रमाण. त्यात पाच लिटर वाढवले की ०.६ झालं. सिमेंटला नको असलेलं पाणी नंतर उडून जातं आणि आपल्या जागी डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं ठेवतं. त्यातून पुढे पाणी झिरपतं आणि सळ्या गंजतात.

एक लक्षात घ्या, या कुठल्याही व्हॉइडमध्ये व्हॅक्युम नाही. कोरड्या खडीत हवा असते, ओल्या मातीत पाणी. हवा काढून घेतल्यावर उरतो तो व्हॅक्युम, म्हणजे निर्वात.

प्रश्न: सी भाषेत काहीच परत न करणाऱ्या फंक्शनला ‘व्हॉइड’ लावतात, मग ‘व्हॉइड पॉइंटर’ काहीच दाखवत नाही का? (पुणे, डिप्लोमाची विद्यार्थिनी)

उत्तर: दाखवतो. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता. तो पत्ता पूर्ण असतो, तिथे कोणत्या प्रकारची वस्तू आहे हेवढंच त्याला माहीत नसतं. रिकामा आहे तो प्रकार, पत्ता नव्हे. म्हणून त्यातून थेट किंमत वाचता येत नाही, आधी ‘इंट’ (पूर्णांक) वगैरेंच्या पॉइंटरमध्ये कास्ट करावं, म्हणजे त्याचा प्रकार बदलावा लागतो. मेमरी मागून घेणारं ‘मॅलॉक’ हे फंक्शन असाच पॉइंटर देतं. सी-मध्ये तो कास्ट न करता दुसऱ्या पॉइंटरात ठेवता येतो, सी प्लस प्लसमध्ये ठेवला की कंपायलर चूक दाखवतो. व्हॉइड पॉइंटरमध्ये एक मिळवणं प्रमाण सी-मध्ये नाही. जी.सी.सी. हा कंपायलर एक बाइट धरून ते चालवून घेतं, आणि दुसऱ्या कंपायलरवर तोच प्रोग्रॅम अडतो. कंसात ‘व्हॉइड’ लिहिणं म्हणजे फंक्शन एकही आर्ग्युमेंट घेत नाही. जुन्या सी-मध्ये नुसता मोकळा कंस ‘किती ते सांगितलेलं नाही’ असा वाचला जाई. सी-२३ पासून दोन्हींचा अर्थ एक झाला.

प्रश्न: ब्रिजमध्ये ‘इस्पिकचा व्हॉइड’ चांगला की वाईट? (पणजी)

उत्तर: व्हॉइड म्हणजे हातात त्या रंगाचं एकही पान नसणं. हुकूम दुसऱ्या रंगाचा असेल आणि तुमच्या हातात हुकमाची पुरेशी पानं असतील तर चांगला, कारण पहिल्याच इस्पिकवर हुकूम मारता येतो. प्रचलित मोजणीत व्हॉइडचे तीन गुण, एकाच पानाचे दोन, दोन पानांचा एक. मात्र जोडीदार नेमका इस्पिकच बोलत असेल तर हे तीन गुण धरू नका, आणि बिनहुकमी खेळात तर मुळीच नाही.